हळदीवर चालणारी जीप

मुंजाजीमामांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे मामा जीपखाली होते. बोरीच्या बसस्टँडसमोर लिंबाखाली ती जीप उभी होती, आत माणसं खच्चून बसली होती आणि मी, नुकतीच बदली होऊन आलेली मास्तरीण, एसटी चुकल्यामुळे परभणीला घरी कसं पोचायचं या काळजीत बाहेर ताटकळत होते. शेवटी मी त्या पायांनाच विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

"म्याडम, साबण हाय का?" पायांकडून उत्तर आलं.

हात धुवायचे असतील म्हणून मी पर्समधला कागदी साबण काढून खाली धरला. एक काळा हात बाहेर आला, ती पातळ चकती चिमटीत धरून आत घेऊन गेला आणि थोड्या वेळानं तशीच परत घेऊन आला. "ह्यो न्हाई. कपड्याचा पायजे. टाकी गळायलीय."

मग जीपमधल्या एका बाईनं बाजाराच्या पिशवीतून कपडे धुवायच्या साबणाची वडी काढली आणि कोपरा मोडून दिला. तो तुकडा मळून मामांनी डिझेलच्या टाकीच्या चिरेवर चोळला, वरून चिंधी बांधली, बाहेर येऊन पायजमा झटकला आणि "बसा" म्हणाले. दुसरा इलाज नव्हता म्हणून मी बसले. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही, म्हणून टाकीला तो धरतो, हे शेजारच्या बाईनं मला वाटेत समजावलं. तिला ते मामांनी समजावलं होतं. त्या जीपमधल्या प्रत्येकाला मामांनी काही ना काही समजावलेलं असायचं.

पुढे बोरीच्या शाळेत मी बरीच वर्षं काढली आणि समोर एसटी उभी असली तरी मामांच्या जीपची वाट बघायची खोड मला लागली. आता मामा नाहीत. जीप तर त्यांच्याही आधी भंगारात गेली. त्या रस्त्यावरून जायची वेळ आली की मी अजून खिडकीकडे पाठ करून बसते.

मामा दिसायला किरकोळ. अंगात पांढरा सदरा, तोही सकाळी पांढरा असायचा म्हणून पांढरा म्हणायचं. खांद्यावर टॉवेल. त्या टॉवेलनं ते तोंड पुसत, काच पुसत, जीपच्या पाण्याचं गरम टोपण उघडत आणि कुणाचं पोरगं उन्हानं किरकिरायला लागलं तर तोच ओला करून त्याच्या डोक्यावर टाकत. जीपला ते 'बाई' म्हणत. बाई गळते असं त्यांच्यासमोर बोललेलं त्यांना खपायचं नाही. "घाम येतो म्हनावं," ते सांगत. "म्हातारपनी कुनाला येत न्हाई?"

ड्रायव्हरच्या सीटखाली एक पत्र्याचा डबा होता. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, सुतळी, तार, बाभळीच्या डिंकाचे खडे, साबणाचे तुकडे. पाने-पक्कड सगळ्यात तळाला, कारण त्यांची गरज क्वचित पडायची. पाण्याचा पाइप फुटला की ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, कुठे तेल झिरपलं की साबणात डिंक मळून लावायचा. काम झालं की मामा त्या जागेवर तळवा ठेवत आणि पुटपुटत, "परभणी येईस्तोवर धर माय." परभणीहून निघताना झालेली गळतीसुद्धा याच मंत्रावर बोरीला पोचायची.

"एकदा कायमचं करून का घेत नाही?" मी विचारायची.

"म्याडम, गॅरेजवाला तिला दिसभर उघडी करून ठिवतो. मला न्हाई बगवत."

हे प्रेम होतं की आळस, हे मला ठरवता आलं नाही. बहुतेक दोन्ही असावं. आणि त्यांच्या सगळ्याच पट्ट्या टिकत असं मुळीच नाही. एकदा लग्नाला निघालेले एक व्याही वाटेत खाली उतरून जीपच्या नाकासमोर उभे राहिले आणि मामांना सल्ले द्यायला लागले. मामा "व्हय व्हय" करत पट्टी बांधत होते. शेवटचा पीळ दिला आणि पट्टी सुटली. व्याह्यांच्या परीटघडीच्या धोतरावर गंजक्या पाण्याचा असा फवारा बसला की सल्ले जागच्या जागी थांबले. मामांनी बाभळीआड जाऊन आपला पायजमा उतरवला, व्याह्यांना दिला आणि स्वतः टॉवेल गुंडाळून स्टेअरिंगवर बसले. मांडवापर्यंत जीपमध्ये कुणाला हसू आवरलं नाही, शेवटी व्याहीसुद्धा हसले.

पण एका बाबतीत मामा कुणाचं ऐकत नसत. ब्रेकचं तेल गळायला लागलं की ते सगळ्यांना खाली उतरवत. मला आठवतं, भर उन्हात, पुढेमागे सावली नाही, लोक चिडलेले. एकजण म्हणाला, "मामा, लावा की साबण, रोज तं लावताव." मामा म्हणाले, "पान्याची समजूत घालता येती, डिझलची येती. ब्रेकची न्हाई येत. तुमच्या लेकराबाळाला मी काय सांगू?" ते आमच्यासोबत रस्त्याच्या कडेला उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला, एकेकाला बसवून दिलं आणि सगळे गेल्यावर जीप पहिल्या गिअरमध्ये रांगवत घरी नेली. हा माणूस बेफिकीर होता असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही दुपार सांगते. एका व्यक्तीला मात्र ती सांगून उपयोग झाला नाही. ती म्हणजे त्यांची मुलगी रेणुका, तिच्याकडे मी येणारच आहे.

आता हळदीचं. रेडिएटरला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीला, बारीक भोक पडलं की त्यात चिमूटभर हळद टाकायची. गरम पाण्यात फिरत फिरत ती भोकापाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. मामांना त्यासाठी वसमतकडची हळद लागायची. पुड्यातली नुसती रंग सोडते असं त्यांचं मत होतं.

एकदा सकाळी आम्ही परभणीहून बोरीला निघालो आणि वाटेत बाईला घाम फुटला. डब्यातली हळद संपलेली. मामांनी आत डोकावून विचारलं, "हळद कुनापाशी हाय?" पुढच्या कुणापाशीच नव्हती. मागच्या कोपऱ्यात आसराबाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा त्याच वर्षी वारला होता आणि त्या परभणीला भावाकडे दोन दिवस राहून परत निघाल्या होत्या. भावजयीनं पिशवी भरून दिलेली. त्या बाहेर बघत राहिल्या. शेजारचीनं हळूच कोपरानं ढोसलं, तेव्हा म्हणाल्या, "हाय माझ्यापाशी. पर माझ्या हातची नगा घेऊ दादा. वाटंत कायी कमीजास्त झालं तं..."

तोंडानं नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर क्रूर, अशी सगळ्यांची गत झाली. मामांनी टॉवेलला हात पुसून तळवा पुढे केला. "वैनी, तिला काय ठावं हात कुनाचा हाय. द्या."

आसराबाई मान हलवत राहिल्या. मग मामा म्हणाले, "मंग असं करा, खाली या. तुमीच टाका." आणि खरंच त्यांनी त्यांना खाली उतरवलं, टॉवेलनं टोपण उघडून धरलं आणि त्यांच्या हातानं हळद टाकायला लावली. मामा शेजारी उभे राहून शांतपणे सांगत होते, "बास. थोडीच. औषध हाय, पीठ न्हाई." बोरीला पोचल्यावर त्यांनी लिंबाखालच्या झाडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज आसरावैनीच्या हळदीवर आलाव बरं का."

तेव्हापासून आसराबाई जीपसाठी पदराच्या गाठीत चिमूटभर हळद बाळगायला लागल्या. त्यांचं बघून इतरही. कुणाच्या शेतातली नवी हळद दळून आली की पहिली पुडी मामांना. चहाच्या टपरीवर साखरेच्या डब्याशेजारी हळदीची बाटली आली. लोक थट्टा करत, की पंपावर कशाला थांबता, ही तर हळदीवर चालते. मामांची नखं कायम पिवळी. त्यांची बायको, कौसल्याकाकू, म्हणायच्या, "लगीन होऊन एवढे साल झाले, पर आमच्या नवरदेवाची हळद काई उतरली न्हाई." बाकी टोपणाला हात लावायचा अधिकार एकट्या मामांचा. लोक हळद देत, मामा टाकत, असा तो रिवाज होता.

काकू जीपला सवत म्हणायच्या, पण सवतीच्या सीटवर फडकं मारल्याशिवाय मामा त्यांना कधी बसवत नसत. त्यांना एकच मुलगी, रेणुका. ती पालमला दिली. लग्नानंतर तिला सासरी सोडायला मामा स्वतः जीप घेऊन गेले आणि गंगाखेडच्या पुढे बाई नेमकी थांबली. "पट्टी बांधायला एवढा उशीर लागत न्हाई," काकू मला सांगत होत्या, "पर हे आपले बांधायलेत अन् सोडायलेत. मी काई बोलले न्हाई. पोरगी तेवढीच जवळ व्हती." हे सांगताना मामा समोरच बसले होते आणि काचेवर नसलेला डाग पुसत होते.

तो बाजाराचा दिवस होता. काकूंच्या छातीत सकाळपासूनच कळ येत होती, पण बाजाराच्या दिवशी मामांच्या फेऱ्या बुडू नयेत म्हणून त्या बोलल्या नाहीत. दुपारी बोलायची वेळच राहिली नाही. शेजारच्यांनी लिंबाखाली निरोप पाठवला आणि मामा जीप तिथेच सोडून घराकडे धावले. त्यांच्या गल्लीत जीप शिरत नसे. अँब्युलन्सला फोन झाला होता, ती परभणीच्या उलट दिशेनं, तालुक्याहून, निघालीही होती. पण ती बोरीत येईपर्यंत आपण निम्मी वाट कापू, हा मामांचा हिशोब तसा चुकीचा नव्हता. मी शाळेतून निघाले होते. वाटेत मला काकूंची बाज भेटली. चौघांनी उचललेली. मी सोबत चालायला लागले आणि तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला. काकू मला म्हणाल्या, "म्याडम, तुमची गाडी हुकंल." त्याही वेळी त्यांना माझ्या गाडीची पडली होती.

लिंबाखाली तोवर काय घडत होतं, हे मला पुढच्या काही दिवसांत तुकड्या-तुकड्यानं कळलं. मामा धावत गेलेले सगळ्यांनी पाहिलं होतं. जीपखाली नेहमीसारखा थेंब थेंब पडत होता. बाजारामुळे तिथे ओळखीची माणसं भरपूर. प्रत्येकाला वाटलं, आज मामाला उसंत कुठली, आपण तेवढं करून ठेवू. टपरीवाल्यानं पाणी भरलं आणि बाटलीतली हळद टाकली. तो गिऱ्हाइकाकडे वळला. मग भाजी विकायला बसलेल्या एकीनं टाकली. मग आणखी कुणी. ज्याला कुणाला मामांनी कधी दवाखान्यात, कधी माहेरी, कधी परीक्षेला पोचवलं होतं, तो आला, टोपण उघडलं, हळद टाकली आणि कुणाला न सांगता बाजूला झाला. आसराबाईंनी पदराची गाठ सोडली. त्या दिवशी त्यांनी नवी हळद विकत घेतली होती, तीही ओतली. यातल्या एकालाही दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. इतकं प्रेम एका जागी गोळा झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही आणि त्यानंच घात केला हे लिहिताना माझा हात अजून अडतो.

मामांनी आल्या आल्या काकूंना मागच्या सीटवर निजवलं आणि जीप काढली. मी काकूंच्या पायाशी बसले. गाडी किती तापली हे दाखवणारा काटा कधीचाच मेला होता. मामा वासावर गाडी ओळखायचे. त्या दिवशी त्यांचं नाक आणि कान दोन्ही मागे, काकूंच्या श्वासाकडे होते. वाटेतलं झरी गाव यायच्या आधीच बाईनं आचके दिले, बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला आणि इंजिनात काहीतरी धरल्यासारखं होऊन सगळं बंद झालं.

मामा टॉवेल घेऊन उतरले. मी मागोमाग पाण्याचा कॅन घेऊन उतरले. वाफ गेल्यावर त्यांनी टोपण काढलं. आत पाणी नव्हतंच. तोंडापर्यंत पिवळा लगदा साचला होता. मामांनी त्यात बोट घातलं, चटका बसत असतानाही तो चिमटीत चोळून पाहिला आणि मान वळवून आम्ही आलो त्या रस्त्याकडे, बोरीकडे बघितलं. अगदी क्षणभरच. मग टोपण घट्ट लावलं, बोट पायजम्याला पुसलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले.

भाजीचा एक टेम्पो थांबला. रिकाम्या पोत्यांवर काकूंना निजवलं. मामांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळावर तळवा ठेवला. सगळी वाट ते एकच बोलत होते, "धर गं. परभणी येईस्तोवर धर. आली बग परभणी." परभणीची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा काकूंचा हात माझ्या हातात सैल पडला. मामांना ते मी सांगितलं नाही. ते बोलतच राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते केलं आणि बाहेर येऊन म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

पालमहून रेणुका दवाखान्यात आली तेव्हा हे वाक्य तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. ती रडत नव्हती. बापासमोर उभी राहून तिनं विचारलं, "गाडीला काय झालतं?"

"ऑईल न्हवतं," मामा म्हणाले. "मी बगितलंच न्हाई."

मी शेजारी उभी होते. माझं तोंड उघडलं असणार, कारण मामांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेनं माणूस भीक मागतो त्या नजरेनं पाहिलं. मी गप्प राहिले.

"साऱ्या गावाला नेऊन पोचवलं तुमी," रेणुका म्हणाली. "माझ्या मायला तेवढं न्हाई."

दिवस होईपर्यंत ती बोरीत राहिली आणि बापाशी एक शब्द बोलली नाही. मी तिला ती ब्रेकची दुपार सांगून पाहिली, पण तिनं मान फिरवली. त्या दिवसांत लोक भेटायला यायचे, मामांजवळ बसायचे आणि हळहळून सांगायचे, "मामा, आमी पानी भरून ठिवलं व्हतं. हळद बी टाकली व्हती. पर इंजनच बसलं, त्याला कोन काय करनार." एक उठला की दुसरा येऊन हेच सांगायचा. आपण मदत केली याचं त्यांना तेवढंच समाधान होतं. मामा प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, "व्हय. लय केलं तुमी." मला तिथे बसवेना. मी उठून परसात जाऊन रडायची.

जीप ओढून आणली होती. भंगारवाला यायच्या आधी मामांनी रेडिएटर एकट्यानं उतरवला, शेतात नेला आणि मोटरच्या पाण्याखाली धुवायला घेतला. का, ते मला कळलं होतं. मी त्यांना तिथेच गाठून म्हणाले, "मामा, निदान रेणुकाला तरी खरं सांगा. तुम्ही रोज सकाळी इंजिनातल्या तेलाची काडी ओढून बघता, हे तिलाही ठाऊक आहे. ती मनातून कुढत असेल."

"तिला सांगितलं तं ती गावात येऊन बोलंल," मामा म्हणाले. "तिची माय गेलीय, तिनं बोलूच ने असं थोडंच हाय? पर मंग आसरावैनीनं काय करायचं? त्या माउलीला एकदा वाटलं, की माझ्याच हातानं झालं, तं ती जगंल का? तिच्या मनातून ते काढायला मला किती दिस लागले म्याडम, तुमी व्हताव की गाडीत."

"आणि तुमची मुलगी?"

रेडिएटरच्या जाळीतून पाणी स्वच्छ यायला लागलं होतं. "माझी हाय ती," ते म्हणाले. "रागावली तरी माझीच हाय."

आसराबाईंना शंका आलीच. हळद किती टाकायची हे त्यांना मामांनीच शिकवलं होतं आणि दहा जणांच्या तोंडून 'आमी बी टाकली' ऐकल्यावर त्यांनी मनाशी बेरीज केली असणार. त्या लिंबाखाली आल्या तेव्हा मी तिथेच होते. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दादा, त्या दिशी माझ्या हातानं..."

"तुमच्या हातानं काय?" मामांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "ऑईल संपलं व्हतं वैनी. चूक माझी हाय. हळदीचा काय संबंध?"

आसराबाई माझ्याकडे वळल्या. "म्याडम, तुमी व्हत्या. खरं का?"

"त्यांना गाडीतलं काय कळतंय," मामा मधेच म्हणाले. "बसा. पानी प्या."

आसराबाई बसल्या आणि तोंडाला पदर लावून खूप रडल्या. रडून झाल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. मामांनी त्यांना तांब्या दिला, चौकशी केली, घरापर्यंत सोबत गेले. नंतरही त्या सणावाराला मामांना पुरणाची पोळी पाठवत राहिल्या. अलीकडेच त्या गेल्या, सुखानं गेल्या, म्हणून आज मी हे लिहायला धजते आहे. मामांना ते आवडलं नसतं. पण मास्तरणीच्या पोटात खरी गोष्ट फार वर्षं राहत नाही. त्या दिवशी लिंबाखाली जे होते त्यांच्यापैकी कुणी हे वाचलंच, तर मामांनी त्यांना कधी मनातसुद्धा दोष दिला नाही, हेही वाचावं. आणि रेणुकानं वाचावं अशी तर माझी इच्छाच आहे.

मामांनी पुन्हा गाडी घेतली नाही. कुणाची गाडी गळत असली तरी ते उठून बघत नसत. "परभणीला दाखवा, कायमचं करून घ्या" म्हणत. मधूनमधून एसटीनं पालमला जात. रेणुकाच्या घरासमोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. पुढे माझी बदली पालमलाच झाली तेव्हा मला हे समजलं. दुकानदारानं मला सांगितलं, की म्हातारा येतो, समोरच्या दाराकडे बघतो, दार लागतं, तरी बसतो. मामा गेल्याचं कळलं ते त्याच वर्षीच्या थंडीत. झोपेतच गेले म्हणे. मी मातीला पोचू शकले नाही, आणि एका परीनं बरंच झालं. माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते पालमचं.

मधल्या सुट्टीत मला ते ओट्यावर दिसले. खूप वाळले होते. मला बघून म्हणाले, "म्याडम, चला की संगं. परकं मानूस संगं असलं म्हंजी तिला दार लावायला अवघड जातंय." आयुष्यभर लोकांना सोबत नेणारा माणूस मला सोबत चला म्हणत होता. मी निघाले.

रेणुका अंगणात तूर पाखडत होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"कामून आले?"

"बगायला," मामा म्हणाले.

रेणुकानं सुपातली तूर सारखी केली. मग ती खाली बघतच बोलायला लागली. "मी रोज इच्यार करायले. मायला फडकं मारल्याबिगर कधी गाडीत बसवलं न्हाई तुमी. मंग त्याच दिशी कसे इसरले? तुमी दवाखान्यात एवढंच म्हनले, ऑईल बगितलं न्हाई. अन् गप बसले. चुकलं, एवढं बी तुमच्या तोंडून निघालं न्हाई."

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा उमगलं. आणि मामांना खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. मला राहवेना. मी एक पाऊल पुढे टाकलं. मामांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"चुकलं माय," ते म्हणाले. "लय मोठी चूक झाली माझ्या हातून. मला माफ कर."

रेणुकाचा बांध फुटला. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. "हे तुमी लय आदी म्हनायचं व्हतं, दादा," ती म्हणत राहिली. मग डोळे पुसून उठली आणि नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "हातपाय धुवा. भाकर टाकते. म्याडम, तुमी बी बसा."

मी नको म्हणाले, शाळेची वेळ झाल्याचं सांगितलं. माझ्याच्यानं तिथे घास गिळवला नसता. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं. मामा ओसरीत ताटावर बसले होते, पहिली भाकर त्यांच्या हातात तशीच होती आणि ते हमसून हमसून रडत होते. बाप आपल्या चुकीसाठी रडतोय असं रेणुकाला वाटलं असणार. ती जवळ बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, "जाऊ द्या आता, झालं ते झालं" म्हणत होती, आणि मामा मान हलवून "व्हय माय, व्हय" म्हणत होते.